झ चं कोरं पान

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी शेषराव आपल्याच गावात, वडनेर भोलजीला, पोस्टमास्तर झाले आणि आल्या आल्या त्यांनी एक जाडजूड वही बांधून घेतली. गावातल्या एकूण एक माणसाचं नाव, अक्षरवारीनं, पुढे घर आणि आळी. वही हाती आल्यावर स्वारीची छाती दोन बोटं फुगली होती, खोटं कशाला बोला!

त्याआधी गावाची वही म्हणजे म्हातारे पोस्टमन गुलाबराव यांचं डोकं. त्यांचं सगळं उलटं. नाव शेवटी, माणूस आधी. विहिरीजवळची, मलकापूरहून आलेली, दोन जुळी असलेली, असं करत ते बरोबर दारात जाऊन उभे राहायचे. शिवाय प्रत्येक कार्ड वाचायचे, अगदी उघड उघड. शेषरावांना त्याची चीड होती. परक्याचं अक्षर वाचणं म्हणजे त्यांना पाप वाटे.

नोकरी संपवून लेकीकडे संग्रामपूरला जाताना गुलाबराव म्हणाले होते, "मास्तर, तुमच्या वहीत बायांची सासरचीच नावं हायेत. माहेरच्या नावानं कागद आला त माणूस कसा सापडन?"

"माहेरच्या नावानं सासरी कोन कागद धाडते?" शेषराव हसले होते. प्रश्न तिथंच मिटला.

मार्गशीर्षात एक कार्ड आलं. 'चि. सौ. झुंबरबाईस, मु. पो. वडनेर भोलजी.' बस, एवढंच. शिक्का रोहिणखेडचा. शेषरावांनी वही उघडली. झ चं पान कोरं होतं. नियमाप्रमाणे सात दिवस कार्ड ठेवलं, मागची बाजू पाहिली नाही, आणि आठव्या दिवशी लाल शाईनं शेरा मारून परत पाठवलं.

चार दिवसांनी त्यांचा मेहुणा रंगराव रोहिणखेडहून आला. डोकं भादरलेलं. ओसरीवर बसला आणि पाण्याच्या तांब्यालाही हात न लावता त्यानं खिशातून तेच कार्ड काढलं.

"भाऊजी, माय गेली. मी वैद्याले आनाले गेलो होतो, तवा तिनं शाळेच्या मास्तराकडून हे लिवून घेतलं. परत काऊन पाठोलं तुमी?"

रंगरावची कार्डं नेहमी शेषरावांच्याच नावे येत. आता पहिल्यांदा त्यांनी मागची बाजू वाचली. 'झुंबर, एकदा तोंड दाखवून जा. दारात खाट टाकून तुझी वाट पाहते.' अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं त्यांनी स्वतः 'रुक्मिणी' लिहिलं होतं. वहीतही र च्या पानावर तेच. त्याआधी ती कोण होती, हे त्यांना पुन्हा कधी आठवावंच लागलं नव्हतं.

"अकरा दिवस खाट दारातच होती," रंगराव म्हणाला. "एस.टी. वाजली का मान उचले."

रुक्मिणीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या रडल्या नाहीत. पुढे येऊन त्यांनी कार्डावर बोट ठेवलं.

"हे लाल शाईनं काय लिवलं?"

शेषरावांना खोटं सांगता आलं असतं. पण अक्षर त्यांचंच होतं, आणि रंगराव समोर होता.

"या नावाची व्यक्ती या गावात नाही," त्यांनी वाचलं.

"खरंच लिवलं तुमी," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या.

शेषराव धडपडत उठले. "झुंबर!" त्यांनी हाक मारली. अख्ख्या संसारात पहिल्यांदा.

त्या थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

"आता नोका म्हनू," त्या म्हणाल्या. "त्या नावानं हाक मारनारी गेली."

आणि मग मात्र त्या तिथंच, भिंतीला डोकं टेकून, मोठ्यानं रडू लागल्या.