पट्टी टिकली का?

"जीभ दाखव!"

गोजरआत्याचा तो आवाज भावनाच्या कानात अजून ताजा होता. बदलापूरच्या परसात जांभळाची टोपली हलकी झाली की आत्या पोरांना ओळीनं उभं करायची आणि सुरात म्हणायची,

"जांभूळ गं जांभूळ, लपविलं किती बाई,
जिभेवरचा रंग काही खोटं बोलत न्हाई!"

पोरं तोंड घट्ट मिटून घ्यायची. पण हसू फुटायचंच, आणि हसलं की पकडलं जायचं.

त्याच रंगाच्या मागं भावना आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर लागली होती. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत ती माशाच्या पाकिटात ठेवायची पट्टी बनवत होती. मासा बिघडू लागला की जांभळी पट्टी हिरवट पडायची. कल्पना झकास, पण रंग भारी नाजूक. त्याला उजेड सोसवेना, वारा सोसवेना. कागदाला लावला तर आठवड्यात विटून मातकट. मग तिनं त्याला धाग्यातच लपवायचं ठरवलं. एका सुईच्या पोटात दुसरी सुई. आतलीतून जांभळाचा रस, बाहेरचीतून पॉलिमरचं द्रावण. विजेचा जबर दाब दिला की टोकावरचा थेंब ताणत ताणत केसाहून बारीक धागा व्हायचा आणि समोर फिरणाऱ्या ड्रमवर जाऊन बसायचा. पोटात सारण भरलेली करंजीच म्हणा ना, फक्त डोळ्यांना न दिसणारी.

जांभळं यायची सोनिवलीच्या महिपतीकडून. बायको गेल्यापासून एकटा राहणारा, हसला की मिशीसकट हसणारा माणूस. सागाच्या पानांनी झाकलेली टोपली मोटरसायकलला बांधून आणायचा आणि चहा घेता घेता विचारायचा, "मॅडम, पट्टी टिकली का?"

"अजून नाही," भावना म्हणायची.

खरं तर टिकली होती. खिडकीत उन्हाला लावलेला रंगीत कागद केव्हाच विटला. शेजारची धाग्यांची पट्टी मात्र जशीच्या तशी जांभळी. भावनानं ती हळूच उतरवून खणात ठेवली. साठवलेल्या रसावर आता वर्ष निघालं असतं. साहेबांकडे अहवाल गेला होता. बातमी गेली नव्हती ती फक्त सोनिवलीला. पट्टी टिकली म्हटलं की टोपली बंद, आणि टोपली बंद म्हणजे फाटकाशी थांबणारी ती मोटरसायकलही बंद.

"मॅडम, फ्रीजमध्ये माझ्या डब्याला जागा नाय उरली," हाताखालची तेजल कुरकुरली. "एवढ्या जांभळांचं करायचं काय? सरळ बोलून टाका ना त्यांना."

"काय बोलू?"

"कमाल है! रिपोर्ट पानंच्या पानं लिहिता, आणि इथं एक लाइन सुचत नाही?"

आषाढ लागला. सोनिवलीची झाडं आता रिकामी झाली असणार, हे भावनाला ठाऊक होतं. तरी टोपली आली. वर तीच सागाची पानं. जांभळं मात्र टपोरी, तुकतुकीत, दुकानात मांडल्यासारखी. तिनं एक तोंडात टाकलं. बी केवढी, गर केवढासा! टोपली उपसता उपसता तळाशी वर्तमानपत्राचा ओला तुकडा लागला. त्यावरची अक्षरं सिंधी होती.

"महिपतराव, तुमच्या झाडांना सिंधी पेपर कधीपासून लागायला लागले?"

तेजल खो खो हसत बाहेर पळाली. महिपतीनं कान खाजवला.

"त्ये... उल्हासनगरच्या बाजारातनं आणली. आमची झाडं कवाच सरली."

"मग सरळ सांगायचं ना!"

"मंग काय रिकाम्या हातानं येऊ? म्हटलं, पट्टी टिकली नाय, मॅडमचं काम अडंल."

"एवढंच?"

त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

"जीभ दाखवा," भावना एकदम म्हणाली.

"आँ?"

"दाखवा म्हणते ना. आमच्या आत्याचा कायदा आहे. जांभूळ खाल्लेली जीभ खोटं बोलत नाही."

त्या बाप्यानं खरंच लहान पोरासारखी जीभ काढली. वाटेत दोन-चार तोंडात टाकलेली दिसत होतीच.

"आता तुमची," तो म्हणाला. "कायदा सगळ्यांना सारखा पायजे."

भावनानं ओठ घट्ट मिटले. मिशी हलताना दिसली आणि तिला हसू फुटलं. पकडली गेली. तिनं खण ओढला, पट्टी काढून त्याच्यापुढं ठेवली. गर्द जांभळी.

"टिकली," ती म्हणाली. "ज्येष्ठातच टिकली होती. सांगितलं असतं तर तुमचं येणं थांबलं असतं, म्हणून नाही बोलले. आता टोपली नका आणू, महिपतराव. नुसते या. मला तुमची वाट बघायची सवय झालीय, आणि ती मोडायची नाही मला."