काळ्या फिल्ममधला हात

मी सत्यभामाबाईच्या डाव्या हाताचा एक्स-रे. नुसता बघितला तर काळा कागद, उजेडापुढं धरला तर बोलका. मेंढ्याच्या टकरीनं बाईचा पंजा पाण्याच्या दगडी डोणीवर आपटला, तवा हिंगोलीच्या दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत माझा जन्म झाला. हाड जुळून आलं, बाई मेंढरांमागं गेली, अन् मी आढ्याला टांगला गेलो. बरं झालेल्या माणसाला एक्स-रे कशाला आठवतोय!

आठवला तो लेकीला. सुकन्या चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करायची. माणसाचं तोंड काढावं तिनंच. पण हात काढला की केळाची फणी! सर म्हणाले, "पोरी, आधी हाडं शीक. उन्हाळ्यात परीक्षेला हातच आहे. यंदा हुकलीस तर कोर्स सुटला."

दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला पुसून खिडकीत लावलं. डोळे माझ्यावर अन् बोटं आईच्या पंजावर. दाबून दाबून बघायची.

"आई, बोटं वरून फुटत न्हाईत गं! पार मनगटापासून येतेत, तळव्यात लपून."

"लपू दे की. सोड हात, भाकरी करपून राहिली."

अमावस्येला गिऱ्हाण होतं. सकाळीच तिचा थोरला भाऊ परमेश्वर लोकर कातरायची कातर घेऊन आला. मागं गल्लीतली पोरं. माझ्यातून सूर्य बघायचा म्हणे, एकेकाला एकेक तुकडा.

"दादा, न्हाई! माझी परीक्षा हाय."

"परीक्षा उन्हाळ्यात. गिऱ्हाण आज. अन् तुला सोताचे दोन हात हायेत की, ते बघून काढ!"

पोरं खिदळली. थंड पातं माझ्या करंगळीला लागलं. कर्र! टोक खाली पडलं. सुकन्यानं अंगणात बघितलं. ऊन जरासं उतरल्यासारखं वाटत होतं. ती ओरडली, "दादा, लागलं गिऱ्हाण! वैनी दोन जिवाची हाय, अन् तू कातर चालवून राहिला?"

कातर जागीच थांबली. गिऱ्हाणात गरोदर बाईच्या घरी काही कापलं की लेकरू अंगानं तुटकं निघतं, अशी आमच्याकडं समजूत. परमेश्वर पांढराफट्ट पडला. पोरं पांगली. मी वाचलो.

पण त्याच्या बायकोनं, जनकाबाईनं, आतून सारं ऐकलं होतं. ती बाहेर आली, करंगळीचं टोक उचललं अन् परमेश्वरापुढं धरलं. "कापलं तवा लागलं होतं का न्हाई? खरं सांगा."

परमेश्वरानं कातर पाठीमागं लपवली.

"वैनी, मी आपलं दादाला थांबवायला म्हनलं. असं काई नसतंय."

"नसतंय, तर मंग बोललात काहून?"

माझ्यासाठी उच्चारलेली भीती त्या माउलीच्या पोटात जाऊन बसली. त्या दिवसापासून सुकन्या मला घेऊन बसली की जनकाबाई उठून जायची. इकडं पंजा सुधारला, मनगट आलं, अंगठा आला. पण करंगळीपाशी पेन्सिल अडायची. खोडायची, पुन्हा अडायची. शिकलेलं डोकं म्हणायचं, काही होत नाही. हात ऐकत नव्हता.

शिवरात्रीनंतर जनकाबाई बाळंत झाली. मुलगा का मुलगी, कुणी विचारलं नाही. आतून हाक आली, "वन्सं, आत या. तुमीच बघा."

पोरीची मूठ घट्ट मिटलेली. सुकन्यानं एकेक बोट उघडलं. शेवटी करंगळी. नखासकट, सबंध. दुसरी मूठही तशीच.

जनकाबाई रडता रडता हसली. "आता काढा परीक्षेत. अन् ध्यानात ठेवा, पुन्हा असं कुणाला भेववू नका."

त्याच दिवशी सुकन्यानं ती मूठ करंगळीसकट कागदावर काढली. त्या कामात मी बिनकामाचा. माझ्यात जिथं हाडांचे उंचवटे, तिथं लेकराच्या हाताला खळ्या! उन्हाळ्यात ती पास झाली.

आता ती हिंगोलीकडच्याच गोरेगावला शाळेत शिकवते. मी तिच्या कपाटात पिवळा पडलोय, हाडंही धड दिसत नाहीत. बाबांनो, माझ्यातून सूर्य बघू नका, डोळे जातील. सुकन्याबाई मला वर्गात नेत नाहीत. "शेजाऱ्याचा हात धरा," म्हणतात, "हळू दाबा. दुखलं तर आधी त्याला विचारा." मग वर्गभर पोरं एकमेकांचे हात धरून बसतात. मला टाकून दिलं तरी आता चालेल.