लाल कोटातले आजोबा

बायको, विमलाबाई, गेल्या तेव्हा महिपत शेलारांना एसटीतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. कोपरच्या वन-रूम-किचनमध्ये ते एकटेच उरले. मुलगा सूरज, सून शिवानी आणि नात सान्वी ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहायचे. सूरज म्हणाला होता, "बाबा, चला आमच्याकडे." महिपतराव गेले, महिनाभर राहिले. दोघं सकाळी ऑफिसला जायचे, सान्वी शाळेत आणि तिथून पाळणाघरात. मग ते त्या बंद फ्लॅटमध्ये बसून काय करणार? तिथलं एकटेपण आणि इथलं एकटेपण सारखंच, तर निदान आपल्या घरात तरी, असं म्हणून ते परत आले.

परत आल्यावर दिवस खायला उठले. सकाळी चहा, मग खिडकी, मग टीव्ही. दुपारी झोप लागायची नाही, पण पडून राहायचं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. ते मुद्दाम लवकर उठून दार उघडून उभे राहू लागले. "आलास का?" एवढंच विचारायचे. तो "हो काका" म्हणत जिना उतरलेला असायचा. एकदा दोन दिवस कुणाशी धड बोलणं झालं नव्हतं, तेव्हा जुना कंडक्टर तानाजी रस्त्यात भेटला आणि महिपतराव बोलायला गेले, तर घशातून आवाजच नीट फुटला नाही.

"सर्दी झालीय काय, ड्रायव्हर?" तानाजीनं विचारलं.

"नाही रे. वापरच नाही," ते हसत म्हणाले. तानाजी काही हसला नाही.

दोघांनी मिळून कल्याण डेपोत उभी हयात काढली होती. कल्याण-आळेफाटा, माळशेज घाटातून, धुक्यात, पावसात. तानाजीनं त्यांना टपरीवर नेलं, चहा पाजला आणि म्हणाला, "माझा पुतण्या त्या ठाण्याच्या पुढच्या पार्कात आहे, पाळणे-बिळणे आहेत तिथं. त्यांना ड्रायव्हर पाहिजे. पार्ट टाइम. शनिवार-रविवार आणि शाळेला सुट्ट्या असतील तेव्हा. जाशील?"

"काय चालवायचं?"

"आगगाडी."

ती आगगाडी म्हणजे रबरी चाकांची गाडी होती. पुढं इंजिनासारखं रंगवलेलं धूड, मागं उघडे चार डबे, तळ्याला वळसा घालून, सिमेंटच्या बोगद्यातून जायची. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं त्यांचं हेवी लायसन्स पाहिलं, डोळे तपासून यायला सांगितलं आणि जरा संकोचून म्हणाली, "अंकल, ही गाडी खूप स्लो आहे हं. तुम्हाला बोअर होईल."

"होऊ दे की," महिपतराव म्हणाले.

त्यांना सोनेरी बटणांचा लाल कोट मिळाला, उंच टोपी मिळाली आणि तोंडापुढं माईक. नियम असा होता की ड्रायव्हरनं स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायचं आणि फेरीभर बोलत राहायचं. पहिल्या शनिवारी त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हरशी बोलू नका अशी पाटी डोक्यावर घेऊन बसलेला माणूस! पण बोगदा आला तसे ते आपसूक म्हणाले, "हात आत घ्या मंडळी, आता अंधार होणार आहे," आणि मागून पोरांनी अशी किंकाळी फोडली की त्यांना एकदम हसू फुटलं. दुसऱ्या फेरीत त्यांनीच विचारलं, "कोण घाबरलं? खरं सांगा!" महिन्याभरात ते आठवड्यातले पाच दिवस शनिवारची वाट बघत काढू लागले. संध्याकाळी कोट खुंटीला टांगला की मात्र छातीत रिकामं वाटायचं. माईकवरून सगळ्या पार्काशी बोललेला माणूस कोपरच्या घरात शिरला की कुलपाचा आवाज तेवढा ऐकायचा.

सूरजला त्यांनी सांगितलं नाही. लपवायचं असं काही नव्हतं, पण फोनवर तो दर वेळी म्हणायचा, "बाबा, आता फक्त आराम करा हं." मग सांगायचं राहून जायचं. शनिवार-रविवारी फोन उचलला नाही तर म्हणायचे, खाली देवळात गेलेलो. सूरज तरी कुठं जास्त विचारायचा?

डिसेंबरातल्या एका रविवारी पार्कात कुठल्या तरी कंपनीची सहल आली. एकसारखे निळे टी-शर्ट, गळ्यात पट्टे, माणसं आपापली मुलं घेऊन हिंडत होती. दुपारच्या फेरीला डबे भरले. महिपतराव टोपी सारखी करत आरशात बघत होते, तेवढ्यात पहिल्याच डब्यात त्यांना सूरज दिसला. मांडीवर सान्वी. शेजारी एक जाडजूड गृहस्थ, त्यांची बायको आणि त्यांचा मुलगा. सूरज त्या गृहस्थांना "सर, नीलला इकडे बसवा ना, इथून छान दिसेल," असं म्हणत सरकून जागा करून देत होता. शिवानी कुठं दिसली नाही.

महिपतरावांना आधी आनंदच झाला. ते मागं वळणार एवढ्यात सान्वीनं त्यांना पाहिलं.

"आजोबा!" ती जोरात ओरडली. "बाबा, आजोबा! आजोबा गाडी चालवतायत!"

सूरजनं वर पाहिलं. त्यानं ओळखलं, यात शंकाच नव्हती. पण त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. नजर एकदा लाल कोटावर गेली, एकदा शेजारच्या साहेबांवर. साहेबांच्या बायकोनं हसून विचारलं, "अय्या, कोण गं? तुझे आजोबा?"

सूरजनं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. महिपतरावांनी त्याला जन्मल्यापासून पाहिलेलं. शाळेत मार खाऊन आला की असाच उभा राहायचा, काहीच न बोलता. त्यांच्यानं ते बघवलं नाही. त्यांनी माईक तोंडाशी ओढला आणि कप्तानाच्या आवाजात म्हणाले, "आजोबा? कुणाचे आजोबा? मी तर या गाडीचा कप्तान! चला, धरून बसा!"

सगळा डबा हसला. साहेबही हसले. "सगळेच आजोबा सारखे दिसतात मुलांना," त्यांची बायको म्हणाली.

सान्वी हसली नाही. गाडी सुटली. तळं आलं, बदकं आली, महिपतराव जे नेहमी बोलायचे ते बोलत गेले. आरशात बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण नजर जायचीच. सान्वी सूरजच्या शर्टात तोंड खुपसून बसलेली. बोगद्यात सगळे ओरडले, तेव्हाही ती गप्पच. उतरताना सूरज एक क्षण इंजिनापाशी रेंगाळला. साहेबांनी लांबून हाक मारली, "चला, सूरज, जेवायचं ना?" आणि तो गेला.

त्या दिवशी उरलेल्या फेऱ्यांमध्ये महिपतरावांनी माईक सुरू केलाच नाही. सुपरवायझर साईनाथनं विचारलं, तर म्हणाले, घसा बसलाय.

सोमवारी सकाळी शिवानीचा फोन आला. तिचा आवाज चढलेला होता, पण त्यांच्यावर नाही.

"बाबा, मी खाण्याच्या लाइनमध्ये होते. मला रात्री कळलं काय झालं ते. सूरजशी मी बोलले जे बोलायचं ते. पण सान्वी ऐकतच नाही हो. म्हणते, आजोबांनी मला ओळखलं नाही. सकाळी शाळेत जातानाही तेच."

महिपतराव पलंगाच्या कडेला बसले. "मी येतो," ते म्हणाले. "उद्या ती शाळेतून येईल तेव्हा येतो."

दुसऱ्या दिवशी वर्तकनगरला शिवानीनं दार उघडलं. तिनं अर्धी रजा टाकली होती. सूरजही लवकर आलेला. तो आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. सान्वी गालिच्यावर ठोकळे लावत होती. तिनं मान वर केली नाही. महिपतराव गुडघे धरत तिच्या समोर खाली बसले.

"सानू, मी तुला ओळखलं होतं. बघता क्षणी ओळखलं."

"मग नाही का म्हणालात?"

"खोटं बोललो."

"का?"

सगळ्या घराला तो प्रश्न ऐकू गेला. बाबाच्या साहेबांसमोर बाबाला लाज वाटली असती, असं सहा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? आणि दारात उभा असलेला तो ते ऐकणार. महिपतरावांनी बाजूला पडलेला एक ठोकळा उचलून तिच्यापुढं ठेवला.

"चुकलं माझं," शेवटी ते म्हणाले. "पुन्हा नाही म्हणणार."

सान्वीनं विचार केला. "कितीही लोक असले तरी?"

"कितीही."

"बरं," ती म्हणाली आणि ठोकळे लावू लागली. जवळ काही आली नाही. थोड्या वेळानं खाली खेळायला मैत्रिणींनी हाका मारल्या, तशी चपला घालून पळाली. शिवानीनं पोहे केले. तिघांनी ते खाल्ले.

सूरज त्यांना गाडीतून स्टेशनवर सोडायला निघाला. कॅडबरीच्या सिग्नलला तो एकदम म्हणाला, "बाबा, पैशांचं काही आहे का? मला सांगा ना. लोकांना वाटेल मी तुम्हाला बघत नाही."

"पैशांचं काही नाही."

"मग कशाला या वयात ते सोंग?"

"दिवसभर कुणी बोलत नाही रे माझ्याशी," महिपतराव म्हणाले. त्यांना ते तक्रारीसारखं म्हणायचं नव्हतं. ते समोरच्या रिक्षेकडे बघत म्हणाले. "तिथं बोलावं लागतं. नोकरीच ती आहे."

सूरजनं काहीतरी म्हणायला घेतलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारले, सिग्नल सुटला होता. स्टेशन आलं. मग गाडी थांबवून, स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाला, "मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"हो," महिपतराव म्हणाले. "बोलायला पाहिजे होतंस."

त्यांनी दार उघडलं. सूरजला वाटलं होतं ते "असू दे" म्हणतील. आजवर ते तसंच म्हणत आले होते.

"सोडणार का मग नोकरी?"

"नाही."

"शनिवारी फोन करतो," सूरज म्हणाला.

"शनिवारी ड्युटी असते," त्यांनी सांगितलं. "संध्याकाळी कर."

कोपरला उतरल्यावर त्यांना घरी जावंसं वाटेना. ते प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिले. अजून उजेड होता. हातात पिशवी घेतलेला एक म्हातारा गृहस्थ इकडंतिकडं बघत त्यांच्याजवळ आला. "वसईची गाडी इथंच लागते का हो?"

"इथं नाही. वर. त्या पुलावरचा प्लॅटफॉर्म आहे ना, तिथं." महिपतराव उठलेच. "चला, दाखवतो. त्या गाड्या कमी असतात. चुकली तर खोळंबा होतो."

ते त्याच्याबरोबर जिना चढले, वर त्याला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसले. त्या गृहस्थाची लेक नायगावला होती, तिच्याकडं चालला होता. महिपतरावांनी त्याला माळशेज घाटाचं सांगितलं, पावसाळ्यात समोरचं काही दिसायचं नाही ते सांगितलं. मग नातीचंही सांगितलं, ती ठोकळ्यांचं किती उंच घर लावते ते.

गाडी आली. गृहस्थ चढता चढता थबकला. "तुम्हाला पण याच गाडीनं जायचंय ना?"

"नाही, नाही," महिपतराव म्हणाले. "मी इथलाच."

गाडी खाडीच्या दिशेनं गेली. वरच्या प्लॅटफॉर्मवर दुसरं कुणी नव्हतं. ते कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले आणि मग सावकाश एक-एक पायरी खाली उतरले.