‘क’च्या कप्प्यातले बिरप्पा

मी चार कप्प्यांचं लोखंडी कपाट बोलतोय. भंगारवाला येईपर्यंत दुसरं काम नाही, म्हणून बोलतोय.

जन्म अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला. तिथून टेम्पोत आडवा पडून सात रस्त्याजवळच्या एका कार्यालयात आलो. माझ्या पोटात कर्मचाऱ्यांच्या फायली. तिथल्या क्लार्क शहाजी भाऊसाहेबांनी कप्प्यांवर अक्षरं चिकटवली. वर अ ते घ, खाली च ते न, मग प ते म, उरलेली तळाशी. एकेका गावात निम्म्यांचं आडनाव एकच, म्हणून फायली पहिल्या नावाने लावायच्या.

भाऊसाहेब शिस्तीचा माणूस. कोणी कर्मचारी वारला की ते लाल शाईने नावाआधी ‘कै.’ लिहायचे. गेलेल्या माणसाचं नाव उघडंबोडकं लिहू नये, असं त्यांचं म्हणणं. आता लेबलाचं पहिलं अक्षर क, म्हणून फाईल वरच्या कप्प्यात, ‘क’मध्ये. दुधनीचे शिपाई बिरप्पा असेच तिसऱ्या कप्प्यातून वर आले. पुढे भाऊसाहेब निवृत्त झाले. ही गोष्ट कोणाला सांगायची त्यांना आठवण राहिली नाही.

मग बिरप्पांची बायको केराबाई आली. सोबत मुलगी राजनंदिनी, बारावी झालेली. वडिलांच्या जागेवर तिला नोकरी मिळायची होती, त्यासाठी मुदतीच्या आत वडिलांची फाईल हवी होती.

“बगा की बाई. अठरा वर्सं हितंच शिपाई होतं की आमचं मालक.”

“मावशी, ‘ब’ सगळा बघितला. फाईलच नाही,” नव्या क्लार्क श्रीदेवी मॅडम म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. तीनदा बघितलं त्यांनी, मी मोजलंय. काखेत कळसा नि गावाला वळसा. माझा वरचा कप्पा केराबाईच्या डोक्याशी होता. ती त्यालाच टेकून उभी राहायची. दोन वर्षं हेलपाटे घातले तिने. मला काही वाटलं नाही. पत्रा उन्हात तापतो, थंडीत गार पडतो, तेवढंच त्याला कळतं.

पुढे ती यायची थांबली.

गेल्या महिन्यात सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. मॅडमनी वरचा कप्पा रिकामा केला. ‘क’मध्ये सगळे गेलेले एकत्र निघाले, अकरा जण. मॅडम बिरप्पांची फाईल घेऊन खुर्चीत बसल्या. मग केराबाईच्या अर्जावरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

“मावशी, फाईल सापडली.”

“कुटं हुती?”

“इथंच.”

“मुदत हाय का अजून?”

“संपली, मावशी.”

पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.

“पोरीचं लगीन झालं, बाई. शिकायचं म्हणत हुती लई.” मग ती म्हणाली, “बरं. आता तरी नीट ठेवा तेनला.”

आता मी व्हरांड्यात रिकामा उभा आहे. माझ्या जागी कोणी येईल, त्यालाही अक्षरं चिकटतील. फाईल सापडली नाही तर दारातल्या माणसाला परत पाठवण्याआधी बाकीचे कप्पेही उघडून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.