शिवलेला शेवट

मी एक थाळा बोलतोय. अक्रोडाच्या लाकडाचा, चांगला परातीएवढा. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. शाळेचं तर तोंडही पाहिलेलं नाही. पण कादंबऱ्या इतक्या अंगाखांद्यावर खेळवल्या आहेत की आता गप्प राहवत नाही. मधेच अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म दक्षिणेकडच्या अक्रोडाच्या रानातला. एका म्हाताऱ्या सुताराने मला कोरून काढलं, तेल पाजलं आणि म्हणाला, "जा, तुझं पोट सदा भरलेलं राहो." तुर्सुनायच्या लग्नात मी आहेर म्हणून डोंगर ओलांडून नारीन शहराजवळच्या एका गावात आलो.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तुमच्याकडेही करत नसतील. तुर्सुनायने पहिल्यांदा शेजारच्या उरकुयाकडे माझ्यातून बोर्सोक पाठवले, पिठाचे गरमागरम तळलेले गोळे. उरकुया वयाने मोठी, म्हणून सगळी गल्ली तिला एजे म्हणते, म्हणजे थोरली बहीण. मला परत करायची वेळ आली आणि एजेची रोटी नेमकी करपली! तिने इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतली एक कादंबरी उचलली आणि माझ्यात ठेवली.

मी दचकलोच. पोटात कधी थंड, कोरडं आणि चौकोनी काही पडलं नव्हतं. तुर्सुनायने फडकं उचललं आणि ती किंचाळली. त्या दिवशी चहाच्या सामोवारातलं पाणी आटून गेलं, सापार, म्हणजे तिचा नवरा, चहाची वाट पाहून झोपला, आणि ही आपली पायरीवर बसून वाचतेय!

तेव्हापासून माझ्या खेपा सुरू झाल्या. तिकडून कादंबरी, इकडून खाऊ. एजे पुस्तक देताना नावगाव सांगत नसे. ती म्हणे, "नवरा रुसलाय ना तुझा? मग ही घे. यात सगळेच रुसतात." किंवा, "ही बाळंतपणात वाचू नकोस बाई, दूध आटेल." आणि तुर्सुनायला पुस्तक कसं वाटलं, ते मी नेत असे. आवडलं तर बोर्सोक आणि वर दाट साय. बरं वाटलं तर नुसते बोर्सोक. कंटाळा आला तर कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे गोळे, तेही मोजकेच. एजे फडकं उचलून म्हणे, "कुरुत? बरं! हिला नदीची वर्णनं सोसत नाहीत."

किती सुखाचे दिवस होते! मी तर दोन अंगणांमध्ये नुसता नाचत होतो.

मग या वसंतात घात झाला. एजेच्या भाच्याने शहरातून एक नवीकोरी कादंबरी आणली. एजेने प्रेमापोटी ती स्वतः न वाचता आधी तुर्सुनायला दिली. तुर्सुनायने ती एका दमात संपवली, मला सायीने भरलं, पुस्तक घेतलं आणि धावत गेली. कुंपणाशी पोचली आणि आनंदाच्या भरात बोलून बसली, "एजे, शेवटी चोर तो सावत्र भाऊच निघतो हो!"

सायसुद्धा थिजली. एजेने मला हातात घेतलं, आत गेली आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तुर्सुनाय कुंपणावरून ओरडली, "एजे, चुकलं माझं! माफ करा की!"

"माफी काय खायची आहे? माझा शेवट मला परत दे."

तो कुठून देणार? झालं, मी एजेच्या फळीवर अडकलो. रिकामा परत जाता येईना, भरायची तिची इच्छा होईना. इकडे मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जायचे दिवस आले. सबंध उन्हाळा वर काढायचा, आणि तुर्सुनायकडे वाचायला अक्षर नाही. गावच्या वाचनालयातलं तिचं सगळं वाचून झालेलं. मागच्या उन्हाळ्यात पुस्तक संपलं, तेव्हा तिने मेंढ्यांच्या जंताच्या औषधाचं पत्रक वाचलं आणि म्हणाली, "सुरुवात चांगली आहे, शेवट जमला नाही."

बिचारा सापार टोपी हातात घेऊन आला. "एजे, पीठ मळायला थाळा हवा होता."

"तुमच्याकडे पीठ मळतात होय? मला वाटलं, नुसते शेवट सांगतात."

"एजे, दया करा. ती पुस्तकाशिवाय वर आली तर दिवसभर माझ्याशी बोलेल."

एजेने तोंड फिरवलं. पण ती हसत होती, ते मी फळीवरून पाहिलं.

निघायच्या सकाळी ट्रक भरला. तंबूच्या काठ्या, लोकरीचे जाड नमदे, सामोवार, सगळं चढलं. तुर्सुनाय वर गाठोड्यावर बसली होती, तोंड एवढंसं करून. तेवढ्यात एजे आली. मी तिच्या हातात, माझ्यावर फडकं.

तुर्सुनायने फडकं उचललं. आत दुसरीच एक जाडजूड कादंबरी, आणि तिची शेवटची पानं नमद्याच्या दाभणाने, लाल लोकरीने, कडेकडेने घट्ट शिवलेली!

"एजे, हे काय?"

"शेवटचं प्रकरण. तिथवर वाचलं आणि शिवून टाकलं. मलाही ठाऊक नाही काय होतं ते. पानगळीत खाली आलीस की दोघी मिळून उसवू."

"आणि मला राहवलं नाही तर?"

"तर थाळा रिकामा पाठव. मी समजेन."

तुर्सुनाय ट्रकवरून वाकली आणि एजेच्या गळ्यातच पडली. मी मधे चेंगरलो. असं चेंगरणं देवाने सगळ्यांना द्यावं.

आता मी वर कुरणात आहे. शिवणीपर्यंतची कादंबरी तुर्सुनायने पुन्हा पुन्हा वाचली आहे. घोड्यांचं दूध काढताना ती सापारला रोज एक नवा शेवट सांगते. ज्याने जन्मात पुस्तक हातात धरलं नाही, तो सापार काल शिवलेली पानं उन्हाकडे धरून आत डोकावताना सापडला! तिने पळी घेऊन तंबूभोवती पिटाळला त्याला. पण खरं सांगू? शिवणीच्या गाठीशी तिची बोटंही दोनदा जाऊन आली आहेत.

म्हणून तिने मला पालथा घातलाय कादंबरीवर, आणि माझ्या पाठीवर मिठाचं पोतं. मला अक्षर येत नाही, पण पोटाखाली शेवट आहे आणि गुदगुल्या होतायत.

गवत पिवळं पडू लागलंय. तुमच्यापैकी कुणी खाली गावात जाणार असेल, तर एजेला एवढा निरोप द्या: सामोवार तापत ठेवा, दोरा शाबूत आहे, आणि थाळा भरलेला येतोय. वर सायही आहे.