गुढियारीची स्वच्छ हवा

गच्ची दिली तर आपल्याला काय मिळेल, याचा हिशेब श्यामरावांनी आधीच करून ठेवला होता. डॉक्टर शेखरच्या दवाखान्यात मागच्या दारानं थेट आत. बायकोचा, पद्मिनीबाईंचा खोकला दिवाळीपासून हटत नव्हता, आणि शेखरकडे नंबर लावायचा म्हणजे अर्धा दिवस बाकावर. बदल्यात द्यायचा होता गच्चीचा एक कोपरा. रेल्वेच्या मालधक्क्यावर अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला सौदा स्वस्त वाटला.

त्या कोपऱ्यात स्वरदाचं यंत्र बसलं. ही पोट्टी हवेवर संशोधन करायची. यंत्र धूळ मोजायचं आणि आकडे तिच्या फोनवर पाठवायचं. घरामागची पोहा मिल भट्टीत भुसा जाळायची आणि गुढियारी वस्तीभर काळी राख पेरायची. खोकणारे किती ते शेखर सांगणार, हवा कशी ते स्वरदा. दोन्ही जुळलं की मिलला चिमणी बदलायला लावायची, असा दोघांचा बेत.

महिन्याभरानं दोघं श्यामरावांच्याच बैठकीत जुंपले.

"इथली हवा साफ आहे," स्वरदा म्हणाली. "बंगल्यांच्या शंकर नगरपेक्षा साफ."

"मग माझे पेशंट काय हौसेनं खोकून राहिले?"

"बिडीचं विचारता का त्यांना?"

"पद्मिनीकाकू बिडी ओढतात, असं लिहू?"

पद्मिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या. "लिहा," त्या म्हणाल्या. "तेवढीच हौस राहिली माझी." आणि खोकल्या.

शेखरनं कपाळ चोळलं. "हवा साफ असेल तर दोष काकूंच्या छातीतच धरावा लागेल. गोळ्या वाढवतो. धूप-उदबत्ती बंद."

गोळ्या वाढल्या. पद्मिनीबाईंचं तोंड सुजलं, झोप उडाली. खोकला होता तिथंच. मागच्या दाराचा श्यामरावांना आता भरपूर उपयोग होऊ लागला, आणि तेच त्यांना खुपू लागलं.

पुढच्या खेपेला स्वरदा वैतागूनच गच्चीवरून उतरली. "एक समजत नाही. मी येते त्याच दिवशी आकडे चढतात. एरवी सगळं शांत."

"मग तू येतच जाऊ नको," शेखर म्हणाला. "गुढियारी निरोगी होईल."

श्यामराव हसले नाहीत. त्यांना समजलं होतं. बोललं तर मागचं दार जाणार, हेही समजलं होतं. तेवढ्यात पद्मिनीबाई भिंतीला धरून, दर दोन पावलांनी थांबत आत गेल्या.

"बेटा, मशीनवर धोतर बांधून राहिलो होतो मी," ते म्हणाले. "जुनं. चार पदरी. तू येणार म्हटलं की काढत होतो."

"काहून, काका?"

"ताब्यात आलेली वस्तू जशी आली तशी परत करायची. मालधक्क्यावर तेच शिकलो. अन् साहेब तपासणीले यायच्या आधी सगळं झाडून, पुसून, उघडं ठेवायचं. राखेनं खराब झाली असती ना ती."

"राख खायलाच ठेवली होती तिला, काका," शेखर म्हणाला.

"धोतर कुठे आहे?" स्वरदानं विचारलं.

"वाळत घातलं," पद्मिनीबाई आतून म्हणाल्या. "दर रविवारी धुते मी. बादलीभर काळं पाणी निघते. मले कोणी विचारलं काय?"



यंत्र उघडं राहिलं आणि आठवड्यात आकडे शेखरच्या पेशंटांशी जुळू लागले. पण तोवर थंडी सरत आली होती. आधीची मोजणी बाद, आणि तक्रारीला अख्ख्या हिवाळ्याचे आकडे लागत. तक्रार आता पुढच्या हिवाळ्यानंतर. स्वरदाचं एक वर्ष लांबलं, पण तिला पुढचं वर्ष मिळणार होतं. शेखरनं गोळ्या कमी केल्या. काकूंच्या छातीला उगाच दोष दिला, हे तो एकदा पुटपुटला. श्यामरावांना तो काही बोलला नाही, पण त्याच्या कंपाउंडरनं, धर्मपालनं, मागच्या दाराला आतून कडी घातली, आणि श्यामराव नंबर लावून बाकावर बसू लागले. मिलवाल्याचं काहीच गेलं नाही. भट्टी चालूच होती. चूक तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडीच आली. फेडली ती सगळी पद्मिनीबाईंनी, एका हिवाळ्याच्या झोपेनं.