नवव्या पानावरची गाठ

वीत्स्के हस्तलिखित टेबलावर ठेवून वाचत नाही. सगळी पानं जमिनीवर ओळीने मांडते, बूट काढते आणि मोज्यांवर त्यांच्या कडेने चालत मोठ्याने वाचते. झ्वोले गावात कालव्याकाठच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझा भाऊ हार्म भिंतीशी खुर्च्या घेऊन बसलो होतो, दवाखान्यात बसावं तसे. जमिनीवर माझी गोष्ट पसरली होती. चौदा पानं.

वीत्स्के लहान मुलांच्या पुस्तकांची संपादक. तिने पत्रात लिहिलं होतं, वसंतात येणाऱ्या पुस्तकांमध्ये एकच जागा रिकामी आहे आणि शेवटी दोन गोष्टी उरल्या आहेत, त्यातली एक तुमची. मंगळवारी दोन वाजता आमची बैठक आहे, त्याआधी या. एका पानाबद्दल बोलायचं आहे. कुठलं पान ते लिहिलं नव्हतं. पण मला माहीत होतं. तीन रात्री मी नीट झोपले नव्हते.

हार्मला यातलं काही माहीत नव्हतं. तो खुशीत होता. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. माझ्या वह्यांवरून गोष्ट त्यानेच टाइप केली होती, त्यानेच गाडी चालवत मला आणलं होतं. मी अक्षरं शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यामुळे माझं शुद्धलेखन हा त्याच्या करमणुकीचा विषय.

"एका ओळीत सात चुका," तो वीत्स्केला सांगत होता. "मी मोजल्यात. ओळीत शब्द सहा होते."

"मास्तर, गप्प बसा," मी म्हटलं.

वीत्स्के हसली. तिने कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद करून कपाटात ठेवला. कोपऱ्यात कागदांचे दोन गठ्ठे कमरेएवढे उंच उभे होते.

"हे सगळं लोकांनी पाठवलेलं?" हार्मने विचारलं.

"या महिन्याचं."

"आणि तुम्ही सगळं वाचता?"

"पहिलं पान कधीच वाचत नाही. पहिलं पान सगळे घासूनपुसून पाठवतात. मी मधलं उचलते. तिथे माणूस दमलेला असतो, तिथे कळतं." तिने वरचे दोन-तीन कागद उचलून पुन्हा ठेवले. "यातले निम्मे ससे आहेत, वाटून खायला शिकणारे. उरलेल्यांत शेवटी आजोबा येतात आणि काय शिकायचं ते सांगतात. मला आजोबा नकोत. संकटात मूल पडलं तर बाहेरही त्यानेच यायला हवं, किंवा निदान संकट तरी त्याने स्वतः ओढवलेलं हवं. नाहीतर मी पान का उलटू?"

तिने हे सहज म्हटलं. मी कॉफी अर्धी टाकून कप खाली ठेवला.

मग ती वाचू लागली. माझे शब्द दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मालबोटीवर राहणारं कुटुंब. मोठी मुलगी फेम्के, धाकटा योप. योप तीन वर्षांचा, म्हणून त्याच्या छातीला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला दोर. दोराचं दुसरं टोक केबिनच्या भिंतीतल्या कडीला. बोटीवरची सगळी लहान मुलं अशीच बांधलेली असत. हार्म असाच बांधलेला होता, त्याच्याआधी मी.

"'दोन वेढे,'" वीत्स्के तिसऱ्या पानाशी उभी राहून वाचत होती, "'मग शेंडा वळवून आत, मग अंगठ्याने दाबून ओढायचं. अशी निरगाठ आई मारायची. घोड्याने ओढली तरी ती आणखी घट्ट व्हायची.' हे पान मी घरी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने बाथरोबच्या पट्ट्यावर करून पाहिलं. सोडवायला आम्हाला कात्री लागली."

"आमच्या आईचीच गाठ ती," हार्म म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं.

ती पुढे चालली. बोट बटाट्याच्या कारखान्यापाशी लागते. धक्क्यावर बाकीच्या बोटींची मुलं खेळताहेत. फेम्केला योपपाशी बसावं लागतं, कारण त्याचा दोर आखूड. सातवं पान, आठवं. नवव्यापाशी ती थांबली.

"'आणि मग गाठ आपोआप सुटली.'"

पुढे तिने वाचलंच नाही. ती खाली बसली, पानाशेजारी, मांडी घालून, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आल्त्येबाई, कशी सुटली?"

"सुटली," मी म्हटलं.

"तिसऱ्या पानावर घोड्याने ओढूनही ती सुटत नाही. नवव्या पानावर ती आपोआप सुटते. एखाद्या वाईट गोष्टीत मी हे सोडून दिलं असतं. ही वाईट नाही. बाकी तेरा पानांत तुम्ही सगळं बघून लिहिलंय. या पानावर तुम्ही दुसरीकडे बघताय."

"त्यात न पटण्यासारखं काय आहे?" हार्म मध्ये पडला. "मी सांगतो ना. योप म्हणजे मी. छप्पन साल, ऑक्टोबर, फेन्डामच्या धक्क्यावर. बोट आणि दगडी भिंत यांच्या मधल्या पाण्यात पडलो. दोर माझ्यामागे तरंगत होता, कारखान्यातल्या एका माणसाने आकड्याने तो पकडला म्हणून मी इथे कॉफी पितोय. गाठ सुटली. आईने स्वतः कबूल केलं. वडिलांनी विचारलं, ती म्हणाली, माझी गाठ सुटली. विषय संपला."

"गोष्टीत संपत नाही," वीत्स्के म्हणाली.

"सगळ्या कालव्यांना माहीत होतं. आमच्या बोटीचं नाव हिलेखीन. एखाद्याची पिशवी फाटली, सायकलची साखळी पडली, की लोक म्हणायचे, हिलेखीनवर बांधली होती वाटतं. साठ-सत्तर वर्षं झाली, म्हातारे अजून म्हणतात." त्याने बिस्किटाचा तुकडा मोडला. "मला पुढच्याच आठवड्यात रूली मावशीकडे टाकलं. होखेफेनला, पक्क्या जमिनीवर. जिची गाठ सुटते तिच्याकडे दोन मुलं ठेवता येत नाहीत, हे वडिलांचं म्हणणं. म्हणून मी शाळा शिकलो आणि ही बोटीवर राबली. हिला धक्क्याधक्क्यावरच्या शाळेत दोन दोन दिवस बसवायचे. प्रत्येक ठिकाणी पुस्तकाचं पहिलंच पान. विचारा हिला, पहिलं पान चाळीस वेळा झालंय."

"पण वसंतात पुस्तक उघडणाऱ्या मुलांना मी हे सगळं सांगू शकत नाही," वीत्स्के म्हणाली. "त्यांच्या हातात फक्त हे पान असणार. सव्वा वाजायला आलाय. आल्त्येबाई, हे पान असंच राहिलं तर मी दुसरी गोष्ट घेऊन वर बैठकीला जाईन. तीही बरी आहे. त्यात एक ससा आहे, पण बरी आहे."

मी जमिनीकडे बघत होते. नववं पान बाकीच्या पानांपेक्षा पांढरं दिसत होतं, कारण त्यावर मजकूर कमी होता.

सोपा रस्ता होता. दोर जुना होता, कुजला होता, असं लिहिता आलं असतं. हार्मने तेच सुचवलं.

"दोर तुटला असं कर ना," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "काय अडतं? एक शब्द बदल. चल, लिही, मी गाडीचे पार्किंगचे पैसे दीडपर्यंतचेच भरलेत."

"दोर नवा होता," मी म्हटलं.

"अगं, गोष्ट आहे ही."

"दोर नवा होता, हार्म. आणि गाठ पक्की होती. मी सोडली."

तो हसला. त्याला वाटलं मी गोष्टीसाठी काहीतरी सुचवतेय. "फेम्के सोडते? हं, चालेल. तसं चालेल का हो?"

वीत्स्के माझ्याकडेच बघत होती. तिला आधीच कळलं होतं.

"फेम्के नाही. मी," मी म्हटलं. "मला धक्क्यावर खेळायला जायचं होतं आणि तुला एकटं टाकून जायची सोय नव्हती. म्हणून तुला सोबत न्यायचं ठरवलं. बोटांनी गाठ हलेना. मग जेवणाचा काटा आणला. शेंड्याच्या खाली घालून वर दाबत राहिले. बराच वेळ लागला. काट्याचं एक टोक वाकलं. गाठ सुटली, तू टाळ्या वाजवल्यास, मी धक्क्यावर उतरायची फळी सरकवायला वळले, आणि मागे आवाज झाला."

हार्म तसाच बसला होता. बिस्किटाचा चुरा त्याच्या पँटवर पडला होता, तो त्याने झटकला नाही.

"तू सात वर्षांची होतीस," शेवटी तो म्हणाला. मला वाटलं तो समजूत घालतोय. पण तो पुढे म्हणाला, "सात वर्षांची असताना सांगितलं नाहीस, ठीक. सत्तर वर्षांची असताना?"

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"आईला कळलं होतं?"

"काटा कडीखाली पडला होता. तिने उचलला. वाकलेलं टोक बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एप्रनच्या खिशात टाकला. मग वडील आले आणि ती म्हणाली, माझी गाठ सुटली."

"आणि नंतर? तुला काही म्हणाली?"

"कधीच नाही. तो काटा तिने सरळ केला नाही. मरेपर्यंत स्वतः त्यानेच जेवायची."

हार्म उठला. कोट घेतला, एक बाही उलटी झाली होती ती नीट केली, वीत्स्केला "दिवस चांगला जावो" म्हणाला, कारण त्याला तशी सवय आहे, आणि निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ ऐकू आली. तीन मजले.

मी उठू लागले तर वीत्स्केने माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली.

"आत्ता?" मी म्हटलं.

"आत्ता. उद्या तुम्ही हे पुन्हा झाकाल. मी ओळखते लोकांना."

"माझं शुद्धलेखन..."

"ते सुधारायला इथे दोन पगारी माणसं आहेत. त्यांना नाही सुधारता येत ते तुम्ही लिहा."

तिचा मला राग आला. खाली माझा भाऊ होता, किंवा कदाचित नव्हताही, आणि ही बाई मला पेन्सिल देत होती. पण मी लिहिलं. पेन्सिल इतकी दाबली की दोनदा टोक मोडलं. फेम्के काटा आणते. फेम्के जोर लावते. योप टाळ्या वाजवतो. फेम्के वळते. मला वीस मिनिटं लागली. माझ्या मानाने लवकरच झालं.

वीत्स्केने तो कागद नवव्या पानाच्या जागी ठेवला आणि उभी राहून वाचला. मध्ये थांबली नाही. शेवटी आली तेव्हा तिचा आवाज खाली आला. "'...आणि फेम्के वळली. तिच्या पाठीमागे पाणी वाजलं. योप, मला माफ कर.'"

तिने पेन्सिल मागितली आणि शेवटच्या चार शब्दांवर रेघ ओढली.

"पाणी वाजलं, इथे पान उलटायचं. तिथे मुलाचा श्वास अडकेल. ही मी वर घेऊन जाते, आणि सशाशी भांडते. पण ही ओळ मुलांसाठी नाही."

"मग कुणासाठी?"

"निम्म्या गठ्ठ्यात अशा ओळी असतात. मुलांच्या डोक्यावरून कुणा मोठ्या माणसाला लिहिलेल्या. मी त्या सगळ्या काढते. त्या ज्यांच्या आहेत त्यांना नेऊन द्यायच्या असतात." तिने बूट पायात घातले. "जा. अजून गेला नसेल."

मी कठडा धरून उतरले. दार उघडताना मला एवढंच वाटत होतं की गाडीची जागा रिकामी असेल, आणि मग झ्वोले स्टेशन कुठल्या दिशेला ते कुणाला तरी विचारावं लागेल.

गाडी होती. हार्म गाडीबाहेर कालव्याच्या बाजूला उभा होता, माझ्याकडे पाठ करून. काचेवर पार्किंगच्या दंडाची चिठ्ठी लागली होती, ती त्याने काढलीही नव्हती.

मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि वर खोडलेली ओळ म्हटली. योपच्या जागी हार्म म्हटलं.

तो पाण्याकडेच बघत राहिला.

"आई मावशीकडे यायची," तो म्हणाला. "वर्षातून चार वेळा, बोट जवळपास असली की. माझ्या बुटाची नाडी सुटलेली असली की बांधायला वाकायची. मी पाय मागे घ्यायचो. म्हणायचो, तू नको. मावशी बांधेल."

"हार्म."

"ती हसायची. 'बरोबर आहे तुझं' म्हणायची आणि उठायची. मला वाटायचं, तिला काही वाटत नाही." त्याने नाक पुसलं. "तिला एका शब्दात मला गप्प करता आलं असतं. तुझं नाव घेतलं असतं की झालं."

बदकांची एक रांग पुलाखालून गेली. आम्ही दोघं ती जाईपर्यंत बघत राहिलो, कारण एकमेकांकडे बघणं जमत नव्हतं.

"मी ट्रेनने जाते," मी म्हटलं.

"तुझ्यासोबत गाडीत बसावं असं मला वाटत नाहीये," तो म्हणाला. "पण तुझे गुडघे बघता स्टेशन लांब आहे. बस."

त्याने दंडाची चिठ्ठी काढून खिशात ठेवली. आम्ही निघालो. मेप्पेल येईपर्यंत त्याने रेडिओही लावला नाही. मी हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत होते. तो यानंतर माझ्याकडे येईल का, वाढदिवसाला फोन करेल का, हे विचारायचा मला हक्क नव्हता.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी माझ्या पर्समध्ये फोन वाजला. मी तो वाजू दिला. वाटलं, आत्ता या गाडीत माझ्यासाठी आनंदाची बातमी येणं बरं नाही. आणि नकार आला तर तोही नको. मला वाटलं त्या बाईला सांगावं, राहू दे, ससाच छापा.

"उचल," हार्म म्हणाला.

"नको. मी तिला कळवते की गोष्ट परत हवी. तुला त्रास होईल ते पान मला छापायचं नाही."

त्याने वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली.

"सत्तर वर्षं लोक आईवर हसले," तो म्हणाला. "ते पान छापून येऊ दे. आणि खाली खरं नाव घाल तिचं. हेन्द्रिक्ये. हिची गाठ कधी सुटली नाही, असं लिही. उचल फोन."

मी उचलला.